दरवर्षी त्याच महिन्यात खाज? वाचकांचे प्रश्न, व्हेटची उत्तरं

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा आहे, दोन वर्षं बघतोय ठराविक महिने आले की हा पंजे चाटत बसतो, इतका की पंजांचे केस तांबूस पडलेत, पोट लाल होतं, कान सारखे झटकतो. मागच्या वर्षी इंजेक्शन दिलं, लगेच थांबलं, आम्हाला वाटलं गेलं एकदाचं, पण यंदा परत तेच. शिंका नाहीत, नाक वाहत नाही, मग ही अ‍ॅलर्जी कशी? घरातले म्हणतात कंटाळा आला की कुत्री चाटतातच. माझ्या सर्दीच्या गोळीतली अर्धी दिली तर चालेल का?

उत्तर: कंटाळा कॅलेंडर बघून येत नाही हो! दरवर्षी त्याच महिन्यांत, पंजे-पोट-कान-काखा याच जागी, आणि सुरुवात साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात, हे सगळं अ‍ॅलर्जीकडेच बोट दाखवतंय. माणसाला परागकणांनी शिंका येतात, कुत्र्याला मुख्यतः खाज सुटते, कारण परागकण, बुरशीचे कण वगैरे त्याच्या कातडीतूनच आत शिरतात आणि अशा कुत्र्यांची कातडी मुळातच जरा कच्ची असते. केस तांबूस होतात ते लाळेतल्या रंगद्रव्याने, म्हणजे तो तुम्ही बघताय त्यापेक्षा बराच जास्त चाटतोय, रात्री वगैरे.

पण सगळं खापर सीझनवर फोडायच्या आधी पिसवा बघा. "आमच्याकडे पिसवा नाहीतच" हे मी रोज ऐकतो, आणि तरी बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या बुडाशी फिरवला की काळे कण निघतात. ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा, भोवती तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडेसे चावे पण पुरतात, आणि पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना द्यावं लागतं, फक्त खाजवणाऱ्याला देऊन उपयोग नाही. मात्र कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेततं.

दुसरं म्हणजे वास. बोटांच्या मधली कातडी उघडून नाक जवळ न्या, कानात बघा, आंबूस वास आणि तपकिरी मळ असेल तर वर यीस्टचं किंवा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन बसलंय. ते असताना अ‍ॅलर्जीची कितीही भारी गोळी दिली तरी खाज पूर्ण जात नाही, आणि मग लोक म्हणतात औषधच फालतू. व्हेट काचपट्टीवर सॅम्पल घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, त्याला नाही म्हणू नका.

मागच्या वर्षीचं इंजेक्शन बहुतेक स्टेरॉइड असावं, व्हेटना विचारून फाइलमध्ये लिहून ठेवा. स्टेरॉइड वाईट नाही, पटकन काम करतं, पण तहान, लघवी, भूक सगळं वाढतं आणि वर्षानुवर्षं त्याच्यावरच गाडी चालवायची नसते. आता ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या आहेत, पहिल्याच दिवशी खाज उतरायला लागते, पण एक वर्षाच्या आतल्या कुत्र्याला देत नाहीत. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन असतं, ते साधारण चार ते आठ आठवडे पुरतं. मुळावर जायचं असेल तर टेस्ट करून बनवलेली इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, पण तिचा फरक कळायला वर्षभर सुद्धा लागू शकतं, तेवढा धीर हवा. हा आजार बरा होऊन संपत नाही, सांभाळायचा असतो, त्यामुळे यंदा खाज कधी सुरू झाली त्याची तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच्या आधीच व्हेटकडे जा, कातडी सोलल्यावर नाही.

आणि फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या कपड्याने पुसून कोरडं करा, बोटांच्या मध्ये पण. फुकटचा उपाय आहे म्हणून लोक करत नाहीत, पण परागकण अंगावर राहिलेच नाहीत तर आत शिरणार कुठून?

आता तुमची गोळी. नुसती सेटिरिझिन, म्हणजे साधी अ‍ॅलर्जीची गोळी, व्हेटनी वजनाप्रमाणे सांगितली तर ठीक, तरी बऱ्याच कुत्र्यांना तिचा फारसा फरक पडत नाही. पण सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) नाहीतर पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, आणि स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला थोडंसं पण जीवघेणं ठरू शकतं. त्यामुळे अर्धी नाही, पाव पण नाही.

प्रश्न: आमच्या मादीला बारा महिने खाज असते. आठवडाभर चिकन बंद केलं, काही फरक नाही. म्हणजे खाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना?

उत्तर: आठवड्यात काहीच कळत नाही. व्हेटनी ठरवून दिलेलं एकच खाणं किमान आठ आठवडे द्यायचं, आणि त्यात बिस्किट, चघळायचं हाड, फ्लेवरवाली गोळी, पाहुण्यांनी टेबलाखालून दिलेला घास यातलं काहीच नाही. मग जुनं खाणं परत सुरू करून खाज उलटते का बघायचं, त्याशिवाय नक्की म्हणता येत नाही. फूड अ‍ॅलर्जीच्या ब्लड टेस्टवर पैसे घालू नका, भरवशाच्या नसतात.

प्रश्न: खाज कमी व्हावी म्हणून रोज आंघोळ घालू का? केस पण भादरून टाकू?

उत्तर: रोज नको, खाजेच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुरे. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्याचा, आपला किंवा बाळाचा नाही. औषधी शाम्पू लावून साधारण दहा मिनिटं ठेवायचा असतो, लावला की धुतला तर नुसता फेस झाला. एकदम तासून भादरू नका, उघड्या कातडीवर सगळंच थेट येऊन बसतं.

प्रश्न: काल अचानक आमच्या कुत्र्याचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, अंगावर गांधी उठल्या. संध्याकाळपर्यंत उतरलं. हीच अ‍ॅलर्जी का?

उत्तर: नाही, ही वेगळी, बहुधा काहीतरी चावलं असणार. यावेळी उतरलं, पण परत झालं तर वाट बघू नका, व्हेटकडे न्या. त्यात उलट्या, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा पाय लटपटणं यातलं एक जरी दिसलं तर आधी गाडीत घाला आणि फोन वाटेत करा.