एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली असे जुने ब्रिटिश स्पोर्ट्स कार ब्रँड परवडणाऱ्या नव्या रोडस्टरच्या रूपात परत आणता येतील का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ही नावं आज सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या दोन सीटर, उघड्या गाडीवर पुन्हा लागू शकतात का, आणि लागू शकत असतील तर अजून कुणी ते केलं का नाही. मी गेली बावीस वर्षं भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पत्रे दाबायच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवतो, त्यामुळे मी पत्र्याच्या बाजूनेच उत्तर देणार. करता येईल, पण नुसतं नाव हातात असून भागत नाही. त्या नावाखाली एखादी भरपूर खपणारी साधी घरगुती गाडी लागते.

हे मला पहिल्यांदा कळलं ते मिरजेच्या मामांच्या स्टँडर्ड हेराल्डमुळे. मद्रासला बनलेली गाडी. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डसकट पुढच्या बाजूला उलटायचं. मामा पुढच्या चाकावर बूड टेकून प्लग साफ करत बसायचे आणि मी पाने हातात द्यायला उभा. पुढे २०११ साली आमच्या डायच्या ट्रायआउटसाठी, म्हणजे चाचणीसाठी, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या पत्रे दाबायच्या एका प्रेसशॉपला गेलो होतो. तिथल्या एका वयस्कर फोरमनकडे लाल ट्रायम्फ स्पिटफायर होती. त्याने बॉनेट पुढे उलटलं आणि मी एकदम मिरजेत पोचलो. तेच उलटणारं बॉनेट, त्याच जागेवर बसायची सोय. स्पिटफायर १९६२ साली आली ती हेराल्डचीच चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, मागची आडवी पाटा स्प्रिंग, सगळं हेराल्डच्या घरातलं. संध्याकाळी त्याने मला फिरवून आणलं. सीट इतकी खाली की दारावरून हात सोडला तर बोटं रस्त्याला लागतील असं वाटत होतं. साठच्या वेगाला काळजात जे होतं ते मोठ्या गाडीत दीडशेला होत नाही.

ही एकट्या ट्रायम्फची गोष्ट नाही. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए३५ चं होतं आणि स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. डिकीला झाकणच नव्हतं, सीट पुढे करून सामान आत ढकलायचं. एक झाकण वाचलं म्हणजे एक डाय वाचली. आपल्या अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन १९५५ च्या एमजीए या रोडस्टरमध्ये होतं, फक्त दोन कार्ब्युरेटर लावून ताकद वाढवलेलं. म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी आणि तरुण पोरांची स्वप्नातली गाडी यांचं काळीज एकच होतं.

किंमत ठरते ती इथे. एका बाहेरच्या पॅनेलला एक डाय पुरत नाही. ओढायची वेगळी, कापायची वेगळी, कडा दुमडायची वेगळी, असा चार-पाच डायचा संच लागतो. शिवाय पॅनेल निघाल्यावर त्यावर घासायचा बारीक दगड (ऑइलस्टोन) फिरवायचा, खड्डा कुठे आहे ते बघायचं, डाय पुन्हा घासायची, यात महिने जातात. हा खर्च एक लाख गाड्यांवर वाटला तर जाणवत नाही, पाच हजारांवर वाटला तर गाडी महाग झालीच. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल यांचा खर्च घरगुती गाडीने आधीच फेडलेला असेल, तर रोडस्टरला फक्त स्वतःच्या कपड्यांचे पैसे द्यावे लागतात. एमजीबी ही रोडस्टर १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनली ती याच हिशोबावर.

मग हे सगळं बंद का पडलं? थोडक्यात सांगतो, कारण यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९६८ साली कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड झाली आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या एमजी आणि ट्रायम्फ एकाच छताखाली आल्या. नव्या गाडीसाठी पैसा मिळाला तो ट्रायम्फच्या टीआर७ ला. या गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथल्या नियमांसाठी १९७४ साली एमजीबीला काळे रबरी बंपर लागले आणि गाडी जमिनीपासून उचलावी लागली. जिचं सगळं सुख खाली बसण्यात, तीच वर उचलली. पुढे पौंड महागला आणि अमेरिकेत विकलेल्या गाडीत काही उरेना. सप्टेंबर १९७९ मध्ये अॅबिंग्डनच्या लोकांनी तिथल्या एमजीच्या कारखान्याची पन्नाशी साजरी केली आणि लगेच सोमवारी कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. अॅस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने एमजी विकत घ्यायचा प्रयत्न केला, पण पैसे उभे राहिले नाहीत.

यानंतर नाव परत आणायचे जे प्रयत्न झाले त्यातला मला सगळ्यात जवळचा १९८८ चा. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने एमजीबीची जुनी प्रेस टूल्स, म्हणजे पत्रा दाबायच्या डाय, शोधून गोळा केली, दुरुस्त केली आणि फॅरिंग्डनला एमजीबीच्या कोऱ्या बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. गंजून भोकं पडलेल्या गाड्यांना नवं शरीर मिळालं. वर्षानुवर्षं पडून असलेली डाय पुन्हा प्रेसवर चढवून तिच्यातून मापात पॅनेल काढणं काय असतं ते टूलरूममधल्या माणसालाच कळेल. याच बॉडीच्या आधारावर १९९३ साली व्ही८ इंजिनाची एमजी आरव्ही८ आली. दोन हजारांच्या आसपास बनल्या, बहुतेक जपानला गेल्या. सुंदर गाडी, पण महाग. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर ती नव्हती.

उत्तर होती १९९५ ची एमजीएफ. मामांच्या काळात साध्या गाडीचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असायची, त्यामुळे रोडस्टर करणं सोपं होतं. नंतर सगळ्या लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालायला लागल्या. तेव्हा एमजी ज्या रोव्हर कंपनीकडे होती तिच्या लोकांनी काय केलं, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा तो आडवा गठ्ठा उचलून सीटच्या मागे ठेवला. पुढचे आणि मागचे सबफ्रेम, म्हणजे चाकं-सस्पेन्शन धरणारे छोटे सांगाडे, मेट्रो या छोट्या हॅचबॅकचे, थोडे बदलून. बॉडीच्या टूलिंगचा, म्हणजे डायचा, भार मेफ्लॉवर या कंपनीने उचलला आणि तो दर बॉडीमागे वसूल करायचा करार झाला. माझ्या मते आजही कुणाला हे काम करायचं असेल तर हाच रस्ता आहे. रोव्हर २००५ साली बुडाली ते रोडस्टरमुळे नव्हे, घरगुती गाड्या खपेनात म्हणून. खालची गाडी गेली की वरची राहत नाही.

आता नावं कुणाकडे आहेत बघा. एमजी चीनच्या साइक कंपनीकडे. चारचाकीसाठी ट्रायम्फ हे नाव बीएमडब्ल्यूकडे, १९९४ साली रोव्हर घेतली तेव्हापासून. साइकने एमजी सायबरस्टर ही रोडस्टर काढली, २०२५ मध्ये भारतातही आणली. विजेवर चालते, ताकद पाचशे घोड्यांची, वजन जवळजवळ दोन टन, किंमत तेव्हा पंचाहत्तर लाखांच्या घरात. गाडी वाईट नाही, पण तुम्ही विचारताय ती ही नव्हे. एमजीबी टनाच्या आत होती. बॅटरी फ्लोअरखाली आली की वजन वाढतं आणि बूड रस्त्यापासून वर जातं, ही विजेच्या रोडस्टरची खरी अडचण आहे. बीएमडब्ल्यूने झेड४ ही स्वतःची रोडस्टर काढली असताना स्वस्त ट्रायम्फ का काढावी? आपल्याच मिनी ब्रँडची रोडस्टर काढून पाहिली, २०१२ ते २०१५ एवढीच टिकली.

त्या ब्रिटिश गाड्यांचा खरा वारसा चालवला तो माझदाने. १९८९ ची एमएक्स-५, साधी, हलकी, २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. फियाटने तिच्याच प्लॅटफॉर्मवर स्वतःचं इंजिन बसवून १२४ स्पायडर हे जुनं नाव परत आणलं, गाडी हिरोशिमालाच बनायची. काही वर्षांत बंद झाली, पण वाट दाखवून गेली.

दुचाकीत हे जमलंय, तेही आमच्या इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. ट्रायम्फची मोटारसायकल १९३६ सालीच मोटारीपासून वेगळी झाली होती. त्याच ट्रायम्फची स्पीड ४०० बजाज चाकणला बनवते आणि २०२३ साली ती सव्वादोन लाखांच्या पुढेमागे आली. मोटारसायकलला पत्रा जवळजवळ नसतोच, म्हणून तिला जमलं असं मी धरतो.

भारतापुरतं बोलायचं तर इथला कर रोडस्टरच्या बाजूने आहे, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. स्पिटफायर पावणेचार मीटरच्या आसपास होती, स्प्राइट साडेतीन. म्हणजे जुनी मापं आपल्या छोट्या गाडीच्या चौकटीत अलगद बसतात. गोव्यात सॅन स्टॉर्म याच मापाची बनायची, फायबरच्या बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची. फायबरला पोलादी डाय लागत नाही, पण प्रत्येक बॉडीला माणसांचे हात लागतात, त्यामुळे आकडा वाढवता येत नाही. टाटांनी २०१७ ला जिनिव्हात रेसेमो दाखवली होती, १२०० सीसीचं टर्बो इंजिन सीटच्या मागे, म्हणजे थेट एमजीएफचीच रीत. ती रस्त्यावर आली नाही, आणि मला ती आपल्या हातची सुटलेली संधी वाटते.

म्हणून मला विचाराल तर नाव ट्रायम्फ, गाडी स्पिटफायर, आतलं सगळं एखाद्या खपणाऱ्या भारतीय हॅचबॅकचं, वर कापडी टप. स्पिटफायरच्या पहिल्या तीन मॉडेलच्या बॉनेटवर मडगार्डच्या माथ्यावर जोडाची शिवण दिसते. चौथ्या मॉडेलला पत्रा नव्याने दाबून ती शिवण काढली. फोरमनची गाडी आधीची होती, शिवणीवरून अंगठा फिरवत तो मला म्हणाला होता, ही काढू नका कधी. असं बॉनेट कधी आमच्याकडे कोटेशनला आलं, तर मी शिवणीसकटच काढून देईन.