भाऊ अग्निवीर ट्रेनिंगमध्ये आहे, नडगी दुखते पण सांगायला घाबरतो. त्याला दुखण्याच्या गोळ्या पाठवू का?

गोळ्या पाठवू नका, ताई. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. त्यातली सहा वर्षं एका ट्रेनिंग सेंटरच्या एमआय रूममध्ये काढली. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना, आजारी रिक्रूट पहाटे जिथं रांग लावतात तो. तुम्ही लिहिलंय की भाऊ सातव्या आठवड्यात आहे, दोन्ही नडग्या दुखतात, उजवी जास्त, आणि फोनवर म्हणतो, 'सिक रिपोर्ट (आजारी म्हणून नोंद) केला तर रेलिगेट करतील (मागच्या बॅचमध्ये टाकतील).' हे वाक्य मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की मोजदाद ठेवली नाही. आणि यायचीही ती बहुतेक याच सुमारास, पहिला महिना उलटला की.

त्याला कारण आहे. पळायला लागलं की पोराचा दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, मांड्या-पोटऱ्या भरतात. हाडाचं गणित वेगळं. ताण पडला की शरीर हाडाचा थकलेला भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथं नवं हाड भरतं. पोखरायचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं, भरायला तीनेक महिने लागतात. म्हणजे डांबर उखडून ठेवलेला रस्ता, अजून खडी पडायची आहे, आणि त्यावरून रोज उसाचे ट्रॅक्टर. पोराला वाटतं आपण आता फिट झालो, उस्तादालाही, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यालाही, तसंच वाटतं, आणि नेमकं तेव्हाच हाड सगळ्यात कच्चं असतं.

'आजकालची पोरं नाजूक' असं आमचे जुने सुभेदार म्हणायचे. ते खरं नाही. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरानं १८५५ साली संचलन करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखणारे पाय पाहून हे दुखणं लिहून ठेवलंय. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून चाळीस वर्षं होती. पुढे कळलं की त्या पायांच्या हाडांना बारीक तडे जात होते. 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव तिथूनच आलं.

आता तुमच्या भावाचं. त्याला आज फोनवर एवढंच करायला सांगा: बूट-मोजे काढून नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली अंगठा दाबत न्यायचा. वीतभर पट्टा सगळाच ठणकत असेल, पळायला लागल्यावर दुखणं थोडं कमी होत असेल, तर बहुतेक हाडावरच्या आवरणाची सूज असते. आम्ही त्याला शिन स्प्लिंट म्हणतो. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, बोट लावलं की कळ जात असेल, पळताना दुखणं वाढत जात असेल आणि रात्री झोपल्यावरही राहत असेल, तर तडा असू शकतो. ही परीक्षा पक्की नाही, ठरवायचं डॉक्टरांनीच. आणि दुखणं जांघेत असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. खुब्याच्या हाडाच्या मानेला तडा असला आणि तो सरकला, तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

आणखी एक गोष्ट त्याला सांगून ठेवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत काहीच दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. पोरगं 'नॉर्मल' लिहिलेला कागद घेऊन परत येतं, बाकीचे 'बहाणेबाज' म्हणून हसतात, आणि तोच पाय घेऊन ते पुन्हा ग्राउंडवर उतरतं. दुखणं टिकलं तर पुन्हा जायचं आणि एमओ साहेबांना, म्हणजे तिथल्या लष्करी डॉक्टरांना, बोटानं नेमकी जागा दाखवायची. एमआरआयमध्ये लवकर कळतं, त्यासाठी मिलिटरी हॉस्पिटलला पाठवतात.

गोळ्यांना 'नको' का म्हटलं, ते सांगतो. माण तालुक्यातला एक पोरगा होता, पळायला वाऱ्यासारखा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, दहा बीम (पुल-अप), भरतीत पैकीच्या पैकी. नडगी दुखायला लागली तेव्हा त्यानं घरून गोळ्या मागवल्या आणि रोज पीटीआधी एक घ्यायचा. दुखणं हा शरीराचा सेंट्री, म्हणजे पहारेकरी असतो. यानं सेंट्रीलाच झोपवला. तीन आठवड्यांनी बीपीईटी या लढाऊ फिटनेसच्या चाचणीतल्या पाच किलोमीटरमध्ये, रायफल आणि पाठीवर वजन घेऊन पळताना, पाय मधोमध मोडला. केसाएवढी चीर होती तेव्हा सहा-आठ आठवड्यांत तो उभा राहिला असता. आता रॉड पडला आणि वर्ष गेलं. जी रेलिगेशन टाळायला एवढं केलं, ती तर झालीच.

रेलिगेट होणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे, मागच्या बॅचमध्ये जाणं. वाईट वाटतं, मित्र पुढे जातात, गावाकडे कसम परेडची तारीख सांगून झालेली असते, सगळं मान्य. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच पोरं कायम होणार, ही टांगती तलवारही अग्निवीरांवर आहे, आमच्या वेळी ती नव्हती. म्हणून त्याच्या भीतीला मी हसत नाही. पण लवकर गेलं तर बऱ्याचदा 'अटेंड सी' वर भागतं, म्हणजे पीटी, परेड, खेळ माफ, वर्ग चालू. शिवाय दुखापत ट्रेनिंगमध्येच झाली हे कागदावर येतं, आणि पुढे काही वाढलं तर तो कागद फार उपयोगी पडतो.

यात दोष एकट्या पोरांचा नाही, हेही सांगायला हवं. निकाल लागला की आपल्याकडे काय होतं? सत्कार, डीजे, फ्लेक्स. जॉइनिंगला दोन-चार महिने असतात, तेवढ्यात पळणं बंद होतं. त्याआधी अकॅडमीत सहा महिने पहाटे डांबरी रस्त्यावर फक्त सोळाशे मारलेले. मग अचानक रोज पीटी, ड्रिल, रगडा (शिक्षेचा व्यायाम) आणि नवाकोरा कडक बूट. हाडानं कुठवर सोसायचं?

उंचीचंही आहे. 'लंबा दाहिने, छोटा बाएँ' करून उभं केलं तरी कदम सगळ्यांचा एकच, त्यामुळे बुटकी पोरं ढांग ताणून ताणून चालतात. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात मुलींच्या कटीच्या हाडांना तडे जायचे. तिथं चालण्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून पाचवर आणला, ज्याच्या त्याच्या ढांगेनं चालू दिलं, आणि तडे जवळपास थांबले. आता आपल्याकडेही मुली ट्रेनिंगला जातायत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट झोपेची. इस्रायलच्या सैन्यात एका अभ्यासात जवळजवळ एकतीस टक्के रिक्रूटांना असे तडे सापडले होते. पुढे त्यांनी रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालणं कमी केलं, तेव्हा प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त घसरलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या बराकी आठवल्या. दिवे गेल्यावर टॉर्च लावून बूट चमकवणारी पोरं, त्यात गार्ड ड्युटी, आणि पहाटे चारला पुन्हा उठून दाढी. झोप ही तिथं कुणाच्याच हिशेबात नसायची. तुमचा भाऊ फोनवर बोलायला रात्री जागत असेल, तर ताई, तेवढं मात्र तुमच्या हातात आहे. रविवारी बोला.

खाण्यात दूध, अंडी, डाळ सोडू नको म्हणा. 'ड' जीवनसत्त्वाची गोळी लागेल का ते डॉक्टरांना विचारू दे, घरून पाठवू नका.

आणि त्याला बजावून सांगा: उद्या फॉल इनच्या (रांगेत हजर व्हायच्या) आधी सिक रिपोर्टमध्ये नाव लिही, नडगी कधीपासून दुखते ती तारीख खरी सांग, आधी गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांग. तो जाऊन आला की इथंच खाली लिहा. कागदावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं विचारून घ्या, म्हणजे त्याचा अर्थ तुम्हाला सांगता येईल.