काकांचा पाना : बगळा दिसला, पण तो नॉटिंगहॅमचाच का?

या महिन्यात पत्रं कमी आणि फोटो फार आले. फोटो पाठवताना एक करा : सायकल उजेडात उभी करा आणि चेनची बाजू माझ्याकडे ठेवा. एका फोटोत मला सोफा, टीव्ही आणि मांजर स्वच्छ दिसलं. सायकल मात्र पडद्यामागे होती.

प्रश्न : काका, नौपाड्यातली आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. माळा उपसताना आजोबांची काळी रॅले सापडली. बाबा म्हणतात ती अस्सल इंग्लंडची, आजोबांनी लग्नाच्या आधी घेतलेली. मागच्या चाकात तीन गिअर आहेत, पण हँडलवरचा खटका आणि केबल गायब. पॅडल मारताना मध्येच पाय मोकळा सुटतो. दुकानदार म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत, मागचं अख्खं चाक बदला. सायकल खरंच इंग्लंडची का, किती सालची, आणि चाक बदलू का? (वय २६, सध्या मुक्काम भाड्याच्या घरी, ठाणे)

चाक बदललंस तर मला परत पत्र लिहू नकोस. आता बाकीचं.

तुझ्या फोटोत चेनव्हीलच्या, म्हणजे पॅडलजवळच्या दात्यांच्या चकतीच्या, पोटात बगळ्याच्या माना दिसतात. तो रॅलेचा बगळा, त्यामुळे घराणं पक्कं झालं. पण बगळा दिसला म्हणून सायकल नॉटिंगहॅमहून, म्हणजे रॅलेच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातून, बोटीनं आली असं होत नाही. पन्नाशीच्या दशकात बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला आणि रॅले आपल्याकडेच बनायला लागली. पुढच्या नळीवरचा बॅज वाचायचा, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. तो पत्र्याचा तुकडा आहे, दोन रिव्हेटांवर बसतो. माझ्या डब्यातून उद्या तीन सायकली मी तुला ‘इंग्लंडच्या’ करून देईन.

साल शोधायचं तर मागच्या हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे जा. रॉकेलनं भिजवलेलं फडकं घे आणि हबचा मधला दंडगोल पूस. ‘स्टर्मी-आर्चर’ (हब बनवणारी कंपनी) आणि ‘एडब्ल्यू’ (तीन गिअरच्या हबचं मॉडेल) ही अक्षरं फोटोतही दिसतात. त्यांच्या जवळ मळाखाली आकडे असतील. समजा ‘५६ १०’ निघाले, तर हब १९५६च्या ऑक्टोबरचा. हे झालं हबचं वय. चाकं बदलली जातात, म्हणून दुसरा पुरावा जोडायचा. आजोबांचं लग्न कुठल्या साली झालं ते बाबांना विचार. लग्न त्रेपन्न सालचं आणि हब छप्पनचा निघाला, तर एकतर चाक नंतर बसवलंय किंवा घरातली गोष्ट सांगता सांगता वाढली आहे. दुसरं म्हणजे माळ्यावरच्या डब्यांत पत्र्याचा बिल्ला सापडतो का बघ. त्या काळी नगरपालिका सायकलींवर कर घ्यायच्या आणि दरवर्षी नवा बिल्ला द्यायच्या. आमच्या घरी असे बिल्ले देवघराच्या खणात अष्टगंधाच्या डबीशेजारी असत. सायकल विकली गेली तरी बिल्ले कोणी टाकले नाहीत.

आता पाय का सुटतो ते. केबल नसेल तर हा हब आपोआप तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात जड गिअरमध्ये राहतो. तुझी सायकल आत्ता तिसऱ्यातच आहे. हबच्या पोटात कुत्री, म्हणजे दात्यांत अडकून चाक ओढणारे छोटे लोखंडी तुकडे, असतात. फ्रीव्हीलची कुत्री फेल झाली म्हणतो ना, तीच जात. वर्षानुवर्षं तेल न मिळाल्यामुळे जुनं तेल डिंकासारखं घट्ट होतं आणि कुत्री उघडायची विसरतात. दहातल्या सात हबांना एवढंच दुखणं असतं, हा माझ्या बाकड्यावरचा हिशोब. हबवर एक छोटं झाकण आहे, ते तेलाचं तोंड. त्यातून थोडं रॉकेल सोड, सायकल त्या बाजूला कलती ठेव, मग दुसऱ्या बाजूला कलती कर, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी हातानं पॅडल पुढे-मागे फिरव. काळं पाणी गळेल, खाली वर्तमानपत्र अंथर. मग चमचाभर हलकं इंजिन ऑइल घाल, वीस किंवा तीस ग्रेडचं. ग्रीस ठासायचं नाही. ग्रीस ठासणाऱ्या मेकॅनिकांनी जेवढे हब मारले तेवढे गंजानंही मारले नसतील.

एवढं करूनही सुटत असेल तर हब उघडावा लागेल. ते तू करू नकोस, मी आधी शिवी खाऊन शिकलोय.

खटका नवा मिळतो. नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर २००० साली बंद झाला, पण नाव आणि यंत्रसामग्री तैवानच्या सनरेसनं घेतली आणि तीन गिअरचे खटके, केबली, एक्सलमधून बाहेर येणारी बारीक साखळी असा माल ते अजून काढतात. तुझा दुकानदार ‘मिळत नाही’ म्हणाला त्याचा अर्थ ‘माझ्याकडे नाही’ एवढाच घे. बारीक साखळी एक्सलमध्ये पूर्ण आवळ, मग अर्ध्या फेऱ्याच्या आत मागे घे, केबलच्या रेषेत येईल एवढीच. खटका दोनवर ठेव आणि उजव्या नटच्या भोकातून डोकाव : आतल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर आला पाहिजे. हे जुळलं नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक पोकळ जागा असते, तिथे पॅडलला काहीच धरत नाही. तरुणपणी मी ते न बघता कोपरीचा पूल उभं राहून पॅडल मारत चढत होतो. पाय सुटला, आडव्या नळीवर बसलो. पुढे दोन दिवस ऑफिसात उभ्यानंच जेवलो.

तुझ्या रिमबद्दल एक. जुन्या इंग्रजी सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. ३६ भोकांची नवी रिम कोणी गळ्यात मारायला आला तर घ्यायची नाही. आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलींनीही ३२-४०चीच चाल उचललेली आहे, ४० भोकांची रिम मिळते.

आणि शेवटचं, हे नीट ऐक. तुझ्या पुढच्या चाकात जो जाडजूड डबा दिसतो तो ब्रेक नाही, डायनोहब आहे. चाकाच्या पोटातच दिव्याचा डायनामो. तो उघडून आतली कॉइल लोहचुंबकातून बाहेर काढलीस की चुंबकाचा जोर उतरतो. काढायचीच असेल तर कॉइल सरकताना तिच्या जागी लोखंडी कडं सरकत आलं पाहिजे. कुणालाही उघडू देऊ नकोस. आमच्या वेळी रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. तुझे आजोबा त्यातून सुटले असणार.

प्रश्न : माझ्याकडे जुनी हंबर आहे. बाटमच्या (पॅडलचा एक्सल फिरतो त्या नळीच्या) चेनकडच्या कटोरीला खड्डे पडले होते म्हणून ओळखीच्या दुकानातून बीएसए या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या जुन्या सायकलची कटोरी आणली. दोन-तीन आटे आत जाते आणि अडकते. मेकॅनिक म्हणतो, पाइप लावून जोर देऊ. दुकानदार म्हणतो, हंबर आणि रॅले वेगळ्या कंपन्या, म्हणून रॅलेची नको, बीएसएचीच बसेल. (नेरूळ)

जोर देऊ नका. पत्र पोचेपर्यंत दिला असेल तर देव तुमचं भलं करो.

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. हंबर आणि रॅले एके काळी वेगळ्याच होत्या. पण १९३२ साली हंबर सायकल रॅलेकडे गेली, आणि १९४३ साली रज ही आणखी एक इंग्लिश सायकल कंपनी. तुमच्या चेनव्हीलवर पाच माणसांच्या आकृत्या असतील आणि चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या, प्रत्येक बाजूला दोन-दोन नळ्या असतील, हे सगळं हंबरचंच. पण आत आटे रॅलेचे. रॅले आपल्या बाटमला इंचात २६ आटे पाडायची. बीएसएच्या चालीनं बाकी बहुतेक कारखाने २४. व्यास जवळजवळ सारखाच, एक आणि तीन अष्टमांश इंचाच्या आसपास. म्हणून कटोरी लागते, दोन फेरे खुशीनं फिरते आणि मग फरक साठत जाऊन अडते. पाइप लावलात तर कठीण कटोरी मऊ नळीत स्वतःचे आटे कापेल, आणि मग ती फ्रेम भंगारवाल्याचीच.

दुकानात ओळखायचं कसं? माझ्याकडे वागळे इस्टेटच्या टूलरूममधून निवृत्त होताना घेतलेला आटे मोजायचा गेज आहे, पण तुम्हाला त्याची गरज नाही. तुमची जुनी कटोरी खिशातून न्या, तिचे आटे नव्या कटोरीच्या आट्यांत बसवा आणि उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर परत करा. नाहीतर पट्टी लावून अर्ध्या इंचातले आटे मोजा : तेरा म्हणजे रॅलेचे, बारा म्हणजे बीएसएचे. चिमट्याच्या वरच्या नटाला हाच २६-२४चा घोळ आहे, तिथेही तीच परीक्षा.

आणि ही चेनकडची कटोरी म्हणताय ना, तिला उलटे आटे असतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवली की सुटते. जुनी काढताना मेकॅनिकनं अर्धा तास उलटीच आवळली असेल. खड्डे बारीक असतील तर नवी कटोरी शोधण्याआधी सगळे छर्रे बदलून बघा. पाव इंची, एका बाजूला अकरा. जुन्यातले चार चांगले दिसतात म्हणून ठेवू नका, सगळे नवे.

क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, कॉटर पिन (दांडा एक्सलवर आवळणारी पाचर) ठोकताना क्रँकखाली जाड लोखंडी पाइप उभा टेकवा, म्हणजे हातोडीचा मार जमिनीत जाईल. पाइप नसेल तर तो मार छर्ऱ्यांवर जातो, आणि तुम्हाला परत मला पत्र लिहावं लागेल.

प्रश्न : ब्रुक्सची चामड्याची सीट मिळाली आहे, दगडासारखी कडक. एरंडेल तेलात बुडवून ठेवू का? (ऐरोली)

तेलात बुडवलंत तर ती झोळी होईल. हातानं चामड्याचं मेण पातळ लावा, वरून थोडं, खालून जास्त, आठवडा थांबा, परत लावा. नाकाखालचा ताण द्यायचा नट लगेच फिरवू नका. कोरडं चामडं रिव्हेटपाशी फाटतं. पावसाळ्यात खाडीकडच्या घरांत बुरशी येतेच. ती कोरड्या कापडानं पुसायची. प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवलीत तर बुरशीला घर बांधून दिलंत.

प्रश्न : जुने भाग घ्यायला नेमकं जायचं कुठे? ऑनलाइन किमती बघून घाम फुटला. (बेलापूर)

मीही तिथेच जातो जिथे सगळे जातात. शुक्रवारी पहाटे चोरबाजार. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. काळबादेवीच्या सायकलवाल्यांकडे, पण पुढच्या गाळ्यात नाही, पोटमाळ्यावर. म्हातारा मालक गल्ल्यावर बसला असेल अशी वेळ साधून. मुलगा बसला असेल तर तो नव्या गिअरच्या सायकली दाखवतो. खरा माल मात्र आपल्या ठाण्याच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे खिळ्याला टांगलेला असतो. त्याला ‘व्हिंटेज’ म्हणायचं नाही. तो शब्द तोंडातून गेला की तिथल्या तिथे भाव दुप्पट होतो. खराब झालेला भाग फडक्यात गुंडाळून न्या आणि ‘असलाच हवाय’ एवढंच म्हणा.

जाण्याआधी मोजमाप लिहून न्या. पूर्वी मी न मोजता रज सायकलचं चेनव्हील घेतलं होतं, त्यावरच्या उघड्या पंजाला भुलून. माझ्या क्रँकवर ते बसलं नाही, आणि आता ते भिंतीवर आहे. बायको त्याला आशीर्वाद म्हणते.

आणि काही विकत घ्यायच्या आधी पुण्याला कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय बघून या. कुठला दिवा कुठे बसतो, चेनकव्हर कसं असतं, हे एकदा डोळ्यांत बसलं की बाजारात कोणी फसवत नाही.

प्रश्न : सायकल पावडर कोटिंग करून चकचकीत केली तर? (घोडबंदर रोड)

आधी रॉकेलनं धुवा. काळ्या मळाखाली सोनेरी रेघा दिसल्या तर कोटिंगवाल्याचा नंबर फोनमधून काढून टाका. क्रोमवरच्या गंजाला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासा. अर्ध्याहून जास्त निघतो. रेघा उरल्याच नसतील आणि फ्रेम नुसती लाल झाली असेल तर करा काय हवं ते.

प्रश्न : तुमच्याकडचे भाग विकता का? (तिघांनी विचारलं)

नाही. अदलाबदल करतो. चार वर्षं मी ल्यूकसच्या घंटेची वरची वाटी शोधतोय, ‘किंग ऑफ द रोड’ अक्षरांची. खालचा भाग माझ्याकडे आहे, स्प्रिंग चांगली आहे, खटका दाबला की आतलं चाक फिरतं. वाजत तेवढं नाही.