स्वतः निवडलेल्या धानाची नोंदणी केली, तर बियाणे वाटता येईल का?

प्रश्न : बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत मी धानाचे स्वतःचे वाण तयार केले असून गावात त्याचे बियाणे अदलाबदलीने देतो. आता एक दुकानदार तेच पिशवीत भरून विकू पाहतो आहे. नोंदणी केली, तर शेजाऱ्यांना देणे थांबवावे लागेल का? (एक शेतकरी, पूर्व विदर्भ)

उत्तर : थांबवावे लागणार नाही. या एका गैरसमजापायी चांगली वाणे हाती असलेले शेतकरी नोंदणीला बिचकतात, याची खंत वाटते. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार संरक्षित, म्हणजे नोंदणी झालेल्या, वाणाचे बियाणेसुद्धा शेतकऱ्याला राखून ठेवता येते, पेरता येते, दुसऱ्याला देता येते आणि विकताही येते; मनाई आहे ती त्या वाणाचे लेबल लावून पिशवीबंद विकण्याला. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचा हक्क अबाधित राहतो, पण दुकानदाराला त्या वाणाच्या बियाण्याचे उत्पादन व विक्री करण्यासाठी तुमची परवानगी घ्यावी लागते. धानासाठी हे संरक्षण कमाल १५ वर्षे असते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ धानातल्या निराळ्या लोंब्या वेचून जे वाण घडवले, ते ‘एचएमटी’ नावाने हातोहात दूरवर पसरले. मात्र तेव्हा हा कायदाच नसल्याने श्रेयाचा वाद पुढे बराच काळ चालला. मोकळ्या हाताने वाटणाऱ्याचे नाव मागे पडू नये, म्हणून नोंदणी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्यांच्या वाणाला नावीन्याची अट नाही, त्यामुळे आजवर वाटलेले बियाणे आड येत नाही. इतर वाणांपासूनचा वेगळेपणा, झाडांमधला एकसारखेपणा आणि स्थैर्य (पेरणीगणिक गुण न बदलणे) मात्र तपासले जाते. त्यासाठी निसवणीपासून (लोंब्या बाहेर पडू लागल्यापासून) कापणीपर्यंत बांधीत फिरून उंच, लवकर निसवलेली किंवा वेगळ्या रंगाच्या तुसाची झाडे मुळासकट उपटावीत आणि कापणी, मळणी व साठवण स्वतंत्र ठेवावी. दाण्याचा आकार, उंची आणि पक्वतेचे दिवस दरवर्षी वहीत लिहावेत. शेतकऱ्याला शुल्क माफ आहे. अर्जाला जिल्हा कृषी अधिकारी किंवा पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे समर्थन जोडावे, आणि दुकानदाराशी काही ठरवायचेच असेल, तर ते अर्ज दाखल झाल्यानंतर, लेखी ठरवावे.