सवलत आवृत्ती की जनआवृत्ती?

खूप खपलेला व्हिडिओ गेम काही काळाने ‘ग्रेटेस्ट हिट्स’, ‘प्लॅटिनम’ किंवा ‘प्लेयर्स चॉइस’ अशा शिक्क्यासह कमी किमतीत पुन्हा बाजारात येतो. त्याला मराठीत ‘सवलत आवृत्ती’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

माझ्या मते म्हणू नये. सवलत ही चालू किमतीत, ठरावीक मुदतीपुरती किंवा ठरावीक ग्राहकांपुरती मिळते आणि मूळ किंमत तिच्यामागे कायम असते. येथे छापील किंमतच नव्याने ठरते, वेष्टन बदलते आणि गेम पुढेही त्याच दराने विकला जातो. पुस्तकांच्या व्यवहारात यासाठी ‘स्वस्त आवृत्ती’ आणि ‘जनआवृत्ती’ हे दोन शब्द रुळलेले आहेत. त्यांपैकी मला ‘जनआवृत्ती’ अधिक योग्य वाटतो, कारण ‘स्वस्त’ म्हटले की निकृष्टपणाची छटा येते आणि या शिक्क्यांचा रोख तर नेमका उलट असतो.

तो रोख शिक्क्यावरच वाचता येतो. सुपर निन्टेन्डो या गेमयंत्राच्या काही कार्ट्रिजांवर, म्हणजे यंत्रात बसवायच्या गेमच्या डब्यांवर, ‘प्लेयर्स चॉइस’बरोबर दहा लाख प्रती खपल्याची ग्वाही ‘मिलियन सेलर’ अशा शब्दांत छापलेली असे. सोनीने उत्तर अमेरिकेत १९९७ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’ सुरू केले, तेव्हा पहिल्या प्लेस्टेशन या तिच्या गेमयंत्रासाठीच्या गेमच्या खोक्याच्या डाव्या कडेची नेहमीची काळी पट्टी जाऊन तेथे हिरवी आली. युरोपात याच प्रकाराला ‘प्लॅटिनम’ आणि जपानमध्ये ‘द बेस्ट’ असे नाव होते. यांपैकी एकही नाव किमतीविषयी बोलत नाही, सगळी लोकप्रियतेविषयी बोलतात. म्हणून शिक्क्यावरच्या शब्दांना ‘बिरुद’ म्हणावे आणि ते भाषांतरित न करता तसेच ठेवावे. ‘प्लॅटिनम’ तर ध्वनिमुद्रिकांच्या खपाच्या मानांकनातून ओळखीचे झालेले बिरुद आहे. त्याचे ‘सुवर्ण’ केले, तर एक पायरी खाली उतरल्यासारखे होते, कारण तेथे सुवर्ण हे प्लॅटिनमच्या खालचे मानांकन आहे.

गेम असा पुन्हा बाजारात आणण्याच्या क्रियेला मात्र ‘पुनर्मुद्रण’ न म्हणता ‘पुनःप्रकाशन’ म्हणावे, कारण गेम छापला जात नाही, प्रकाशित होतो. ‘पुनर्प्रकाशन’ हे रूप सर्रास दिसते, परंतु प या कठोर व्यंजनापूर्वी विसर्गच राहतो. म या मृदू व्यंजनापूर्वी त्याचा रफार होतो, म्हणून ‘पुनर्मुद्रण’ बरोबर आहे. तेव्हा ‘हा गेम प्लॅटिनम बिरुदासह जनआवृत्तीत पुनःप्रकाशित झाला’, असे निःसंकोच लिहावे.