‘सिंगल-सेल’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांची भाची गणेशखिंडच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींवर संशोधन करते. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिला नववी-दहावीच्या मुलांसमोर मराठीत बोलायचं आहे. ‘सिंगल-सेल जीन एक्स्प्रेशन’, म्हणजे एकेका पेशीत कोणती जनुकं किती कामाला लागतात ते पाहणं, हा तिचा विषय, आणि त्याचं तिने ‘एकपेशीय जनुक अभिव्यक्ती’ असं केलंय. मामांना ‘एकपेशीय’ खटकतंय, भाचीला स्वतःचाच ‘अभिव्यक्ती’ हा शब्द मुलांसाठी जड वाटतोय. शिवाय ‘तो जनुक’ की ‘ते जनुक’, यावरही घरात एकमत नाही.

‘एकपेशीय’बद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हे विशेषण मराठीत आधीच एका कामाला लागलेलं आहे. ज्याचं अख्खं शरीर एका पेशीचं, तो एकपेशीय सजीव: अमीबा, पॅरामेशियम, क्लोरेला. शाळेतल्या मुलांच्या डोक्यात हा अर्थ पक्का असतो. फळ्यावर ‘एकपेशीय जनुक अभिव्यक्ती’ दिसलं की त्यांना वाटणार, ताई आज अमीबाबद्दल सांगणार. आणि ताई बोलणार माणसाबद्दल, ज्याच्या शरीरात तीस लाख कोटींहून जास्त पेशी असल्याचा अंदाज आहे.

काही लेखांत ‘एकल-पेशी’ असं दिसतं. तेही मला पटत नाही. ‘एकल पालक’, ‘एकल महिला’ या प्रयोगांमुळे ‘एकल’ला एकटेपणाचा अर्थ चिकटलाय. इथे पेशी एकटी नसतेच. एका प्रयोगात हजारो पेशी एकदम तपासतात. फक्त प्रत्येकीचा हिशेब वेगळा ठेवतात.

‘हिशेब वेगळा ठेवणं’ यासाठी मराठीत रोजच्या वापरातला प्रत्यय आहे, ‘निहाय’. जिल्हानिहाय पाऊस, गावनिहाय मतदार, इयत्तानिहाय पट. ज्या नामाला हा प्रत्यय लागतो, ते मोजणीचं एकक ठरतं. म्हणून माझी शिफारस ‘पेशीनिहाय’. ‘पेशीनिहाय जनुक-अभिव्यक्ती’ म्हटलं की मराठी वाचणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. पुण्याला दरडोई सरासरी किती पाणी मिळतं, हा आकडा बरा दिसतो. पण तो प्रभागनिहाय फोडला की कळतं, पेठांत नळाला पाणी आहे आणि शहराच्या काठावरच्या सोसायट्या टँकरवर आहेत. पूर्वी रक्तातल्या लाखो पेशी एकत्र फोडून त्यांचा आरएनए (जनुकावरून उतरवलेली प्रत) मोजत, तेव्हा हाती यायची ती अशीच सरासरी. एखादं जनुक सगळ्या पेशींत थोडं थोडं व्यक्त होतंय की मूठभर पेशींत भरपूर, हे त्या सरासरीवरून ओळखता येत नसे. संशोधनाचा सगळा जीव याच फरकात आहे आणि ‘निहाय’ तो नेमका पकडतो.

मात्र एके ठिकाणी ‘निहाय’ चालणार नाही. प्रयोगाआधी जी पूर्वतयारी करतात, तिच्यासाठी ‘सुट्या पेशी’ म्हणावं. रक्तातल्या पेशी मुळातच सुट्या असतात, पण टॉन्सिल किंवा लसीका ग्रंथीचा तुकडा घेतला तर विकरं (एन्झाइम) घालून पेशी एकमेकींपासून सोडवाव्या लागतात. ‘पेशी सुट्या करणे’ हे क्रियापद इतकं उघड आहे की यासाठी वेगळा पारिभाषिक शब्द घडवायची गरजच नाही.

प्रयोग जवळून पाहिला तर शब्द कुठे कोणता लागतो ते आपोआप ठरतं. रक्त एका जड द्रवावर अलगद सोडतात आणि नळी यंत्रात फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, आणि मधे एक फिक्कट, ढगासारखा पट्टा उरतो. त्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार असतात. (न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या सर्वाधिक पांढऱ्या पेशी, तांबड्यांबरोबर खाली जातात. त्यामुळे अशा प्रयोगाला सरसकट ‘पांढऱ्या पेशींचा अभ्यास’ म्हणणं बरोबर नाही.) मग तेलातल्या अतिसूक्ष्म थेंबांत एकेक पेशी आणि एकेक मणी अडकवतात. मण्यावर असंख्य धागे असतात, आणि एका मण्यावरच्या सगळ्या धाग्यांवर एकच बारकोड असतो. थेंबात पेशी फुटते, तिच्यातल्या संदेशवाहक आरएनएची शेपटी त्या धाग्यांना चिकटते, आणि प्रत्येक संदेशाच्या प्रतीवर त्या पेशीचा शिक्का बसतो. पुढे सगळं एकत्र करून वाचलं तरी कुठला संदेश कुठल्या पेशीचा ते सांगता येतं. एकेका पेशीतला आरएनए अशा क्रमवाचनाने (सिक्वेन्सिंगने) तपासण्याची सुरुवात २००९ साली उंदराच्या पेशींवर झाली. थेंबांची युक्ती २०१५ मध्ये आली आणि हजारो पेशी एका फटक्यात हाताळता येऊ लागल्या. इथे ‘बारकोड’ला मराठी शब्द शोधू नये. किराणा दुकानात तो सगळ्यांनी पाहिलाय.

आता ‘अभिव्यक्ती’. भाचीला तो जड वाटतो, कारण तो शब्द आपल्याला ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्या’तून भेटतो आणि ऐकताना कवी, चित्रकार आठवतात. पण त्याचा मूळ धातू ‘अञ्ज्’, उघड करणे, स्पष्ट करणे. व्यक्त, व्यंजन, अंजन ही सगळी त्याचीच लेकरं. दडलेलं प्रकट होणं, हा जनुकांच्या बाबतीत अगदी चपखल अर्थ आहे. माणसात प्रथिनं घडवणारी सुमारे वीस हजार जनुकं आहेत, आणि यकृताच्या पेशीत काय किंवा प्रतिकारक पेशीत काय, जवळपास तीच. कोणती प्रकट होतात यावर पेशीचं रूप आणि काम ठरतं. ‘जवळपास’ म्हटलं ते मुद्दाम. बी आणि टी पेशी (लिम्फोसाइटचेच दोन प्रकार) आपल्या ग्राहकांच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचे तुकडे कापून नव्याने जुळवतात, त्यामुळे त्या बाबतीत त्या शरीरातल्या इतर पेशींसारख्या राहत नाहीत. सुसुमु तोनेगावा यांनी हे बी पेशींत दाखवलं आणि त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. प्रतिकारक पेशींवर काम करणारीने तरी ‘सगळ्या पेशींत तीच जनुकं’ हे वाक्य बिनशर्त म्हणू नये.

म्हणून शब्द बदलायला नको, वापर बदलावा. शीर्षकात नाम ठेवा, बोलताना क्रियापद करा: ‘जनुक व्यक्त होतं’. भाचीच्या टिपणातलं एक वाक्य तुम्ही पाठवलंय: ‘रोगप्रतिकारक पेशींच्या जनुक अभिव्यक्तीचे एकपेशीय विश्लेषण केले गेले.’ हे वाक्य असं म्हणता येईल: ‘एकेका प्रतिकारक पेशीत कोणती जनुकं व्यक्त होतात, ते आम्ही पाहिलं.’ ‘केले गेले’ कशाला हवं? काम करणारी समोर उभी आहे.

‘जनुक चालू, जनुक बंद’ असंही बरेच जण म्हणतात. मुलांना ते पटकन कळतं, पण मी ते पहिल्या वाक्यापुरतंच वापरेन. जनुक बटणासारखं वागत नाही. ते कमी-जास्त व्यक्त होतं आणि ‘व्यक्त होणे’ला ही प्रमाणाची विशेषणं सहज लागतात. टी पेशीत सीडी३ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची जनुकं ठळकपणे व्यक्त होतात, बी पेशीत सीडी१९चं, बहुतेक मोनोसाइटमध्ये सीडी१४चं. अशा खुणांवरून पेशींचे गट पाडतात. २०१७ मध्ये याच पद्धतीने निरोगी माणसांच्या रक्तातल्या डेंड्रिटिक पेशींचे (याही प्रतिकारक पेशीच) सहा आणि मोनोसाइटचे चार उपप्रकार मांडले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहताना ते असे वेगळे काढता येत नाहीत. एक खबरदारी मात्र भाचीने घ्यावी. तिच्या प्रयोगात मोजला जातो तो संदेशवाहक आरएनए. दहावीच्या पुस्तकात ‘प्रतिलेखन’ (जनुकावरून आरएनए) आणि ‘भाषांतरण’ (आरएनएवरून प्रथिन) हे दोन टप्पे मुलं शिकतात, त्यातला पहिलाच इथे दिसतो. आरएनए भरपूर असला म्हणजे प्रथिनही तेवढंच असतं असं नाही.

टी पेशीतलं ‘टी’ हे अक्षर थायमसचं, म्हणजे छातीतल्या एका ग्रंथीचं. मराठी विश्वकोशात थायमसला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हटलंय. तारुण्यानंतर आक्रसत जाणारी ग्रंथी, हे तिचं खरं वागणं नावातच आलं. असा शब्द घडवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते, आणि मुलांना तो एकदा तरी ऐकवावा.

‘पेशी’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण श्रोत्यांत कोणी आयुर्वेदाचे जाणकार असले तर प्रश्न येईल. सुश्रुतसंहितेत शरीरात पाचशे पेशी सांगितल्या आहेत, त्या मांसपेशी, म्हणजे स्नायू. हिंदीतही ‘पेशी’चा हाच अर्थ टिकून आहे आणि सेलला तिथे ‘कोशिका’ म्हणतात. विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या हिंदी नावात तोच शब्द आहे. मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’ वापरला. पण पाठ्यपुस्तकांनी ‘पेशी’ रुजवला, रक्ताचा रिपोर्ट हातात घेतलेला माणूसही ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’ असंच म्हणतो, तेव्हा तो बदलायचं कारण नाही. हिंदीतून आलेली बातमी मराठीत करताना तेवढं जपावं.

राहिला लिंगाचा वाद. जनुक नपुंसकलिंगी: ते जनुक, ती जनुकं. ‘जीन’ पुष्कळ जण पुल्लिंगी वापरतात, ‘हा जीन’ म्हणतात, आणि मराठी शब्द घेताना जुनं लिंग त्याच्या मागे येतं. गंमत अशी की ‘जनुकाचा’, ‘जनुकाला’, ‘जनुकांमध्ये’ ही रूपं दोन्ही लिंगांत सारखीच होतात. त्यामुळे भाचीच्या टिपणात दुरुस्ती लागेल ती फक्त प्रथमेच्या रूपांत आणि त्यांच्या विशेषणांत: ‘सक्रिय असलेला जनुक’ असेल तिथे ‘सक्रिय असलेलं जनुक’.