‘ळ’ची जागा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. महिन्याभराचा हिशेब दोन पानं भरून दिला आहेस. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे धडे रोज, ९ पुस्तकं वाचून झाली, शिवाय आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांची यादी करणारा प्रोग्राम. कौतुक वाटलं. पण मला खरा आनंद झाला तो पत्राच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहिलेल्या ओळीचा: ‘मावशी, यादी अकारविल्हे लावली, पण ‘काळ’ने सुरू होणारी पुस्तकं ‘काव्य’च्या आधी येतात. बाकी सगळं नीट आहे, म्हणून सोडून दिलं.’

सोडू नकोस. बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि पुढचे आठ दिवस फक्त याच्या मागे लाग.

शाळेत आपण य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ असं म्हणत मोठे झालो. तू ‘ळ’ला ‘ह’नंतर शोधलंस ते त्यामुळे. संगणकाने ही वर्णमाला कधी म्हटलेली नाही. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक आहे आणि यादी लावताना तो तेवढाच बघतो. पायथनमधल्या ऑर्ड फंक्शनला एकेक अक्षर देऊन बघ. ‘ल’चा क्रमांक २३५४ येईल, ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७ आणि ‘ह’चा २३६१. म्हणजे ‘ळ’ ‘ल’ला चिकटून बसलाय. म्हणूनच तुझा प्रोग्राम ‘माळ’ आधी देईल आणि ‘मावळ’ नंतर.

असं का, हेही बघायला हवं. आपल्या लिप्या संगणकावर आणायच्या ठरल्या तेव्हा भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची एकच मांडणी केली गेली. देवनागरीतलं अक्षर ज्या घरात, त्याच घरात कन्नडमधलं, मल्याळममधलं त्याच्या जोडीचं अक्षर. पुढे युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, देवनागरीसाठी १९८८ च्या इस्कीची मांडणी उचलली. त्या सामाईक मांडणीत ‘ल’ आणि ‘ळ’ शेजारी आले, आणि त्यांच्यानंतरचं २३५६ हे घर तमिळमधल्या ‘ऴ’ला मिळालं. यात कुणाचं काही चुकलं नाही. क्रमांक दिला तो अक्षर ओळखण्यासाठी. हजेरीपटावरच्या नंबराने मुलांची उंचीप्रमाणे रांग लावता येत नाही, तसंच हे.

उपाय सोपा आहे. पायथनमधल्या सॉर्टला, म्हणजे यादीचा क्रम लावणाऱ्या आज्ञेला, ‘की’ देता येते, म्हणजे शब्दांची तुलना कशावरून करायची ते आपण सांगायचं. तुलनेपुरतं ‘ळ’च्या जागी २३६२ क्रमांकाचं चिन्ह घाल. ते चिन्ह मराठीत लागत नाही, आणि ते ‘ह’च्या लगेच पुढे, मात्रांच्या आधी येतं. एवढ्याने ‘ळ’ घरी येईल. मग ‘क्ष’कडे वळ. संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आणि ष, त्यामुळे ‘क्षितिज’ जाऊन बसतं ‘क’च्या शेवटी. ते तिथेच ठेवायचं की ‘ह’ आणि ‘ळ’च्याही पुढे न्यायचं, हे तू ठरव. आजोबांकडचे दोन-तीन जुने शब्दकोश उघड, त्यांनी काय केलंय ते बघ आणि मग ठरव. मराठीच्या क्रमाचे तयार नियम आयसीयू नावाच्या लायब्ररीत, म्हणजे आयत्या कोडच्या संचात, मिळतात, पण ते नंतर.

एवढं कशासाठी, असं तुला वाटेल. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कार्यालयासाठी नावांची मोठी यादी आम्ही संगणकावर घेतली होती. ‘कुऱ्हाडे’ आडनावाचे एक गृहस्थ तीनदा हेलपाटे घालून गेले. यादीत त्यांचं नाव डोळ्यांना दिसायचं, पण शोधलं की सापडायचं नाही. टायपिंग चुकलं असेल, असं सांगून मी मोकळी झाले. चौथ्यांदा ते आले तेव्हा दोन्ही ‘कुऱ्हाडे’ एकाखाली एक ठेवून अक्षर अक्षर सोडवलं. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पडद्यावर न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही हुबेहूब, पण संगणकासाठी दोन वेगळे शब्द. त्या गृहस्थांचं वय सत्तरीच्या पुढचं होतं, भर उन्हात बस बदलून यायचे. ती गोष्ट मला अजून टोचते. म्हणून म्हणते, मराठीत काम करणार असशील तर अक्षराच्या पोटात काय आहे ते बघायची सवय आत्ताच लाव. ‘स्त्री’ची लांबी पायथनला विचार, उत्तर ६ येईल. ती सहा चिन्हं वहीत लिहून काढ.

आता पुस्तकांबद्दल. ९ हा आकडा मला फारसा आवडला नाही. पत्रात नऊ नावं आहेत, पण एकाही पुस्तकातली एखादी गोष्ट तू मला सांगितलेली नाहीस. त्यातलं एक निवड आणि पुन्हा वाच. एक प्रकरण झालं की पुस्तक उपडं ठेव आणि काय कळलं ते पाच ओळींत लिही. नाही लिहिता आलं तर प्रकरण परत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेताना एवढंच लक्षात ठेव, की एखाद्या सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती शिकवणारं पुस्तक लवकर शिळं होतं. अल्गोरिदम, मेमरी, क्रम लावणं आणि शोधणं यांवरचं पुस्तक वीस वर्षांचं असलं तरी बिनधास्त घे.

क्रम लावणं म्हटलं की मला येरवड्याचं डेक्कन कॉलेज आठवतं. तिथे १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे १५०० ग्रंथांतून एकेक शब्द वेचून चिठ्ठ्या केल्या: शब्द कोणता, कुठल्या ग्रंथात, कुठे आला. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या, सगळ्या माणसांनी हातांनी लावलेल्या. खंडामागून खंड निघाले तरी काम अजून ‘अ’मध्येच आहे. तुझ्या प्रोग्रामला यादी लावायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण कुठला शब्द कुठे आणि का, हा प्रश्न त्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांपुढे होता तोच आज तुझ्यापुढे आहे. रीतसर परवानगी काढून आपण दोघी जाऊ. त्या चिठ्ठ्यांचे खण तू डोळ्यांनी बघायला हवेत.

चॅटबॉटला विचारून यादीतली दुसरी एक अडचण मिनिटात सोडवलीस असंही लिहिलं आहेस. विचार, माझी ना नाही. पण तो कोड का चालला हे तुला सांगता आलं नाही, हे तूच कबूल केलंस. निदान तासभर स्वतः झगडून मग विचारत जा, आणि मिळालेल्या उत्तरातली प्रत्येक ओळ मला समजावून सांगता येईल अशी तयारी कर.

रविवारी सकाळी ये. येताना लॅपटॉप आणू नकोस. आजोबांची वीस पुस्तकं निवड, त्यात काळ, काव्य, क्षितिज, ज्ञान अशी नावं येऊ देत, आणि प्रत्येकाची चिठ्ठी कर. टेबलावर पसरून आधी हातांनी लावू. कुठली चिठ्ठी उचलताना आपला हात थबकतो ते तू लिहून घे, म्हणजे ‘की’मध्ये काय लिहायचं ते तिथेच ठरेल. जेवायला थांबायचं आहे, आईला तसं सांगून ठेव.

तुझी,
मावशी